घारापुरी: तिथी आणि ऊन बघून आखलेला दिवस

आदला दिवस

घारापुरीला, म्हणजे एलिफंटा लेण्यांच्या बेटावर, जायचा दिवस ठरवताना बहुतेक जण कॅलेंडरवरचा रविवार बघतात. त्याऐवजी तिथी बघावी. अपोलो बंदरापासून, म्हणजे गेटवे ऑफ इंडियाच्या धक्क्यापासून, हे बेट जेमतेम दहा-अकरा किलोमीटरवर आहे, लाँचने तासाभराचा रस्ता. पण तो रस्ता पाण्यातला असल्यामुळे बोटीत चढणं सोपं जाणार की कठीण, परतताना अंगावर पाणी किती उडणार, बेटाच्या काठाला पाणी दिसणार की चिखल, हे सगळं भरती-ओहोटीवर ठरतं.

भरतीची वेळ काढायचा कोकणातला हिशोब सोपा आहे. तिथीच्या आकड्याला तिनाने गुणायचं आणि चाराने भागायचं. पंचमी असेल तर पाच त्रिक पंधरा, भागिले चार, म्हणजे पावणेचार. पावणेचारच्या सुमारास भरती, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. मुंबई बंदरात प्रत्यक्ष भरती या हिशोबाच्या अर्धा-पाऊण तास पुढे येते, एवढं धरून चालावं. दिवसाचं नियोजन करायला हा अंदाज पुरतो. अगदी मिनिटांपर्यंत हवं असेल तर बंदराचं भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघावं.

आता हे घारापुरीला लावून बघू. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं. भरती दुपारी बाराच्या आसपास, ओहोटी संध्याकाळी सहाच्या आसपास, आणि भरती-ओहोटीतला फरक मोठा, चार मीटर आणि त्याहूनही जास्त. म्हणजे संध्याकाळी परत येताना गेटवेच्या पायऱ्यांशी पाणी पार खाली गेलेलं, उघड्या पडलेल्या खालच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ, आणि त्यावरून लहान मुलं आणि वयस्कर मंडळी वर चढवायची. पाय घसरायची खरी जागा ती. अष्टमीच्या आगेमागे मात्र भांग असतं. पाण्याची चढउतार कमी, प्रवाहाचा जोर कमी. सकाळी नऊला पाणी उतरतीला लागलेलं पण अजून बरं असतं, दुपारी पाऊण-एकला ओहोटी येते आणि पाच-साडेपाचला पाणी पुन्हा चढलेलं असतं. जाताना चढायला सोपं, येताना उतरायला सोपं, आणि मधल्या वेळात बेटाभोवतीचा चिखल उघडा. एका दिवसाच्या फेरीसाठी शुद्ध किंवा वद्य सप्तमी ते नवमीसारखा दिवस दुसरा नाही.

वार कुठलाही चालेल, सोमवार सोडून. सोमवारी लेणी बंद असतात आणि गेटवेहून पर्यटकांच्या लाँच सुटत नाहीत. शनिवार-रविवारी आणि सुट्ट्यांत गर्दी फार. मंगळवार ते शुक्रवार जमलं तर उत्तम, त्यातही ऋतू नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मेमध्ये काळा कातळ सकाळी अकरालाच तापतो. पावसाळ्यात बेट हिरवंगार होतं, पण लेण्यांतला दगड पाझरतो, पायऱ्या निसरड्या होतात आणि समुद्र खवळला की लाँच बंद ठेवतात. त्या दिवसांत निघण्याआधी चौकशी करूनच घरातून बाहेर पडावं. महाशिवरात्रीला इथे यात्रा भरते. ती बघायची असेल तर तो दिवस वेगळा धरावा, शांतता हवी असणाऱ्याने त्या दिवशी येऊ नये.

आदल्या रात्री पाठपिशवी भरून ठेवावी. माणशी दोन लिटर पाणी, टोपी, तळव्याला पकड असलेले बूट किंवा पट्ट्याच्या चपला, छोटी विजेरी, दहा-वीसच्या सुट्ट्या नोटा. मोबाइलवरून पैसे बहुतेक ठिकाणी घेतात, पण रेंज गेली की दुकानदार आणि आपण दोघे अडकतो. खाणं न्यायचं तर चेनच्या पिशवीच्या आत, डब्यात. हातात लोंबणारी प्लास्टिकची पिशवी नको. त्याचं कारण पायऱ्यांवर भेटेल. पुरातत्त्व खात्याचं तिकीट ऑनलाइन काढता येतं, ते रात्रीच काढून ठेवावं. भारतीयांना ४० रुपये आहे आणि १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तिपाई आणि ड्रोन घरी ठेवावे. तिपाईला खात्याची वेगळी परवानगी लागते, आणि हा सगळा भाग बंदराचा आणि नौदलाचा असल्यामुळे ड्रोनचा विचारही करू नये.

बेटाचा दिवस, सकाळी सव्वाआठ

सीएसएमटी किंवा चर्चगेटला उतरून गेटवेपर्यंत पायी पंचवीस-तीस मिनिटं लागतात. मेट्रो ३ ने आलात तर हुतात्मा चौक स्थानकावरून अंतर आणखी कमी. गेटवेच्या आवारात शिरताना पिशव्या तपासतात. सुट्टीच्या दिवशी या रांगेतच वीस मिनिटं जातात, म्हणून नऊच्या बोटीसाठी साडेआठला तिथे हजर असावं.

बोटीचं तिकीट आवारातल्या खिडकीवरच घ्यावं. आजूबाजूला ‘साहेब, इकडे या, लगेच बोट’ म्हणणारे भेटतात, त्यांच्याकडून घेऊ नये. तिकीट जाऊन-येऊन असतं, माणशी अडीचशे रुपयांच्या थोडं वर. तिकिटाचा अर्धा भाग परतीला दाखवावा लागतो. तो खिशात घडी करून न ठेवता पाकिटात ठेवावा, कारण घामाने भिजून फाटलेल्या तिकिटावरून जेटीवर रोज कुणाचा ना कुणाचा वाद होतो.

पहिली लाँच नऊच्या सुमारास सुटते, पुढच्या साधारण दर अर्ध्या तासाने. दुपारी दोन-अडीचनंतर निघण्यात अर्थ नाही, बेटावर पोचेपर्यंत परत फिरायची वेळ होते. पहिली किंवा फार तर दुसरी बोट धरायची, हा या सगळ्या बेताचा कणा आहे. ‘बेटावर फार गर्दी होती’ असं म्हणत परतणारे जवळजवळ सगळे अकराच्या बोटीने गेलेले असतात. बाराच्या उन्हात पायऱ्या चढायच्या, धक्काबुक्कीत त्रिमूर्तीपुढे उभं राहायचं, वीस मिनिटांत खाली यायचं. त्यांना बेट दिसलंच नाही.

गेटवेच्या धक्क्याला लाँच एकीला एक चिकटून उभ्या असतात. आपली बोट तिसरी असेल तर पहिल्या दोन बोटींच्या डेकवरून चालत जावं लागतं. दोन बोटींच्या मधली फट लाटेबरोबर उघडते आणि मिटते. तिच्यावरून जाताना घाई करू नये. दोन्ही बोटी जवळ आल्या की खलाशी हात देतो, त्याचा हात मनगटाजवळ धरायचा आणि एका टांगेत पलीकडे. मोबाइल तेवढा वेळ खिशात. लहान मुलाला उचलून घेऊन फट ओलांडू नये, आधी स्वतः पलीकडे जाऊन मग मूल खलाश्याच्या हातून घ्यावं.

लाइफ जॅकेट घालायचं, आणि पट्ट्या आवळून घालायचं. १८ डिसेंबर २०२४ रोजी याच मार्गावर नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली, बोट बुडाली आणि १५ माणसं गेली. त्यानंतर जॅकेटची सक्ती झाली. उकडतं म्हणून ते मांडीवर ठेवणारे पुष्कळ दिसतात. पाण्यात पडल्यावर जॅकेट घालता येत नाही, म्हणून हे स्पष्ट लिहिलेलं बरं.

वरच्या डेकवर बसायला बोटीतच दहा-वीस रुपये जास्त घेतात. सकाळी ते द्यावेत, कारण जाताना बघण्यासारखं खूप आहे. ज्यांना बोट लागते त्यांनी मात्र खाली, बोटीच्या मध्यावर बसावं, तिथे हेलकावा सर्वांत कमी. मागच्या बाजूला इंजिनाचा धूर आणि डिझेलचा वास येतो, मळमळणाऱ्या माणसाने तिथे बसूच नये. रिकाम्या पोटीही निघू नये.

बोट सुटली की ताज आणि गेटवे मागे जातात, डावीकडे नौदलाची गोदी लागते. पुढे नांगर टाकून उभी असलेली मालवाहू जहाजं. त्यांच्या बाजूला पाण्याच्या रेषेजवळ लाल रंगाचा पट्टा बघावा. तो वर दिसत असेल तर जहाज रिकामं, पाण्यात बुडालेला असेल तर भरलेलं. निम्म्याहून जास्त अंतर गेल्यावर जवाहर द्वीप येतं, तेलाच्या टाक्यांचं बेट, तिथे कुणाला उतरता येत नाही. हवा स्वच्छ असेल तर उत्तरेला अटल सेतूची लांब रेघ दिसते. २१.८ किलोमीटरचा हा पूल जानेवारी २०२४ मध्ये सुरू झाला. हिवाळ्यात कुरव पक्षी (सीगल) बोटीच्या मागे लागतात, कारण लोक त्यांना वेफर आणि शेव टाकतात. टाकू नये. तळलेलं, खारट खाणं हे त्यांचं अन्न नाही, आणि त्या झडपेत कागद आणि प्लास्टिकही पाण्यात जातं.

सकाळी दहा

लाँच शेतबंदरच्या बाजूला लांब जेटीला लागते. जेटी इतकी लांब का, ते ओहोटीला कळतं. बेटाभोवती उथळ गाळ आहे. भरतीला बेटाचं क्षेत्रफळ सुमारे १० चौरस किलोमीटर आणि ओहोटीला सुमारे १६ असं सांगतात, म्हणजे मधले सहा नुसता चिखल. बोट लागेल एवढं पाणी मिळायला जेटी तेवढी आत न्यावी लागते.

या बेटावर मोटारगाड्या नाहीत. जेटीवर छोटी आगगाडी आहे, दहा-एक रुपयांत पायऱ्यांच्या पायथ्याशी सोडते, पण ती कधीकधी बंदही असते. चालत दहा-बारा मिनिटं. चालावंच. दोन्ही बाजूंना तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं आहेत, आणि बोटीच्या इंजिनाचा आवाज मागे पडला की मुंबईच्या माणसाला पहिल्यांदा जाणवतं ते हॉर्नचं नसणं. हातगाडीच्या चाकांची खडखड, कुठेतरी कोंबडा, आणि पाण्याचा चुबुकचुबुक आवाज, एवढंच.

पायथ्याशी ग्रामपंचायतीचा पाच-दहा रुपयांचा कर भरायचा. मग सुमारे १२० पायऱ्या. दोन्ही बाजूंना दुकानं, वर ताडपत्रीची सावली. सकाळी दहाला अर्धी दुकानं नुकती उघडत असतात, त्यामुळे वाट मोकळी मिळते. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोली असते, खुर्चीला बांबू लावून चार जण उचलतात. भाव बसण्याआधी ठरवावा, आणि तो जाऊन-येऊन की एका बाजूचा, हेही आधीच विचारून घ्यावं.

माकडं इथूनच सुरू होतात. प्लास्टिकच्या पिशवीचा चुरचुर आवाज म्हणजे खाणं, हे त्यांना पक्कं माहीत आहे. थंड पेयाची रंगीत बाटली, भाजलेलं कणीस, कैरीच्या फोडींचा कागद, हातात दिसलं की झडप. पिशवीला हात घातलाच तर ओढाताण करू नये, सोडून द्यावं. ओरबाडतात ते या ओढाताणीतच. दात दाखवून हसू नये, डोळ्यांत डोळे घालून बघू नये, त्यांच्या लेखी दोन्ही धमकी आहे. पाणी प्यायचं तर दुकानाच्या आडोशाला प्यावं आणि बाटली परत आत टाकावी.

सव्वादहा ते साडेबारा: पहिलं लेणं

दारातून आत गेल्यावर लगेच त्रिमूर्तीकडे धावू नये. बाहेरच्या उन्हातून आल्यावर डोळे अंधाराला सरावायला पाच-सात मिनिटं घेतात. तोवर सभामंडपात एखाद्या खांबाशी बसावं. खांबच बघण्यासारखे आहेत. खालचा निम्मा भाग चौकोनी आणि साधा, वर गोल आणि उभ्या पन्हळींचा, आणि त्याच्यावर भार पडून दबलेल्या उशीसारखा गोलवा. दगडाला वजन आहे हे दगडातच दाखवलं आहे. काही खांब दुरुस्तीत नव्याने उभे केलेले आहेत, ते रंगावरून आणि अति सरळ कडांवरून ओळखू येतात.

हे सगळं एका कातळात वरून-बाजूने कोरत काढलेलं आहे. उत्तरेच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत सुमारे ३९ मीटर. काळ साधारण सहाव्या शतकाचा मध्य, आणि बहुतेक अभ्यासक ते कलचुरी राजघराण्याच्या काळातलं मानतात. लेण्याला तीन बाजूंनी उजेड येतो: उत्तरेच्या मुख्य दारातून, आणि पूर्व-पश्चिमेच्या उघड्या चौकांतून. दिवसाचा क्रम इथे उपयोगी पडतो. सकाळी पूर्वेचा चौक उजळतो, म्हणून सकाळच्या बोटीने आलेल्याने डावीकडे, पूर्वेकडे आधी वळावं.

पूर्वेच्या बाजूला दोन पट, म्हणजे भिंतीत कोरलेले शिल्पप्रसंग, समोरासमोर आहेत. एकात रावण कैलास उचलतोय, दुसऱ्यात शिव-पार्वती सारीपाट खेळतायत. खेळताना पार्वती रुसली आहे, तिने मान वळवून घेतली आहे. हात तुटलेत, चेहरे झिजलेत, तरी मानेच्या त्या वळणावरून रुसवा लगेच ओळखता येतो. कडेने येणाऱ्या सकाळच्या उजेडात उठाव नीट दिसतो. बारानंतर हाच पट सपाट वाटतो. इथे दहा मिनिटं तरी काढावीत.

मग मागच्या, दक्षिणेच्या भिंतीकडे. मधोमध सुमारे सहा मीटर उंचीचं सदाशिवाचं मुख, ज्याला सगळे त्रिमूर्ती म्हणतात. ब्रह्मा, विष्णू, महेश असा अर्थ सांगणारे अजूनही भेटतात, पण ही तिन्ही मुखं शिवाचीच आहेत. आपल्या डाव्या हाताचं अघोर: मिशी, कपाळाला आठी, हाताशी नाग, जटेत कवटी. मधलं मिटल्या डोळ्यांचं, शांत. उजवीकडचं वामदेव, कुरळे केस, मोत्यांच्या माळा आणि हातात कमळ. शेजारचे दोन पट या मुखांशी जोडूनच वाचावेत. अघोराच्या बाजूला अर्धनारीश्वर, कमळ धरलेल्या मुखाच्या बाजूला गंगाधर, गंगेला जटेत घेणारा शिव. समोरून सगळे फोटो काढतात. त्याऐवजी चार पावलं डावीकडे जाऊन एका मुखाकडे बघावं, मग मध्ये, मग उजवीकडे. मधलं मुख प्रत्येक जागेवरून वेगळं दिसतं, आणि ते बघायला माणसांच्या डोक्यांमधून फट शोधावी लागू नये म्हणूनच नऊची बोट.

हे मुख उत्तरेच्या दाराकडे तोंड करून आहे, त्यामुळे त्यावर थेट ऊन पडत नाही. उजेड येतो तो बाहेरच्या फरशीवरून परावर्तित होऊन. दार मोकळं असेल तर चेहरा उजळतो, दारात शंभर माणसं उभी राहिली की अंधारतो. गर्दीने नुसता धक्का बसत नाही, शिल्पच दिसेनासं होतं. फ्लॅश मारल्याने काही साधत नाही, खोली पुसली जाते. मोबाइल खांबाला टेकवून, हात स्थिर ठेवून फोटो काढावा.

पश्चिमेच्या अर्ध्यात लिंगाचा गाभारा आहे, चारही बाजूंना दारं आणि प्रत्येक दाराशी दोन असे आठ द्वारपाल, प्रत्येकी साडेचार मीटरच्या आसपास. एका द्वारपालाच्या शेजारी उभं राहिलं की आपण त्याच्या मांडीला लागतो. त्यापलीकडचे दोन पट, कल्याणसुंदर (शिव-पार्वतीचं लग्न) आणि अंधकासुरवध, आत्ता नुसते ओळखून ठेवावेत. ते पश्चिमेच्या उजेडात बघायचे, दुपारी. दारापाशी परत येताना एका हाताला नटेश, म्हणजे नाचणारा शिव, दुसऱ्या हाताला योगीश्वर, ध्यानस्थ शिव.

शिल्पांची मोडतोड पोर्तुगीज काळातली, असं सांगतात. बेट १५३४ मध्ये त्यांच्याकडे गेलं. इथला एक शिलालेख त्यांनी काढून पोर्तुगालला नेला, तो हरवला. तो असता तर हे कुणी आणि कधी कोरलं, याचं उत्तर कदाचित एका ओळीत मिळालं असतं. हे कळल्यावर लेण्यात फार हळहळ वाटते. युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत हे ठिकाण १९८७ मध्ये आलं.

दोन ते पाच क्रमांकाची लेणी त्याच पायवाटेने पुढे आहेत. ती अपुरी आणि पडझड झालेली आहेत, वीस-पंचवीस मिनिटांत बघून होतात. टेकडीच्या माथ्यावर ब्रिटिश काळातल्या दोन तोफा आहेत. चढ अर्ध्या तासाचा, मातीचा आणि सुटलेल्या दगडांचा, पाणी प्यायल्याशिवाय चढू नये. वरून न्हावा-शेवा बंदराच्या क्रेन आणि खालची खाडी दिसते. गुडघे दुखत असतील तर हे खुशाल सोडावं. गावांकडची वाट मात्र सोडू नये.

दुपार: मोराबंदर, राजबंदर, चिखल

बारा-साडेबाराला पायऱ्यांवरची गर्दी वर येऊ लागते, तेव्हा आपण खाली उतरायचं. बेटावर तीन वस्त्या आहेत: शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर. तालुका उरण, जिल्हा रायगड. लोकवस्ती हजार-बाराशेची. आधी पायथ्याशी जेवून घ्यावं, कारण पुढे गावांत जेवण मिळेलच असं नाही. माशांची थाळी सांगताना आज काय ताजं आहे ते विचारावं आणि तेच घ्यावं. बांगडा, कोळंबी, जे असेल ते.

मोराबंदरची वाट बेटाच्या ईशान्येला जाते, निवांत चालीने अर्धा-पाऊण तास. चिंच, आंबा, करंज, मधूनमधून ताड. वाटेत गावाची घरं लागतात. उंबऱ्यांवर बायका मासळी निवडत असतात, अंगणात जाळी वाळत असतात. हे लोकांचं राहतं घर आहे, पाहायचं ठिकाण नाही. फोटो विचारून काढावा, विहिरीवर किंवा न्हाणीजवळ थांबू नये. ‘मावशी, राजबंदरला कुठून?’ असं विचारलं की वाट तर कळतेच, पण पुढे कुठे सावली आहे तेही सांगतात.

विजेच्या खांबांकडे लक्ष द्यावं. समुद्राखालून साडेसात किलोमीटरची केबल टाकून या बेटाला फेब्रुवारी २०१८ मध्ये वीज मिळाली. त्याआधी संध्याकाळी काही तास जनित्र चाले, मग अंधार. मुंबईचा झगमगाट समोर दिसत असताना. म्हणून इथल्या फ्रिजमधलं थंड पाणी पिताना किंमत दोन रुपये जास्त वाटली तर कुरकुर करू नये, इथे येणारी प्रत्येक पेटी बोटीने येते, मग हातगाडीने, मग डोक्यावरून.

पूर्वेच्या टेकडीवर सहावं लेणं आहे, सीताबाईचं देऊळ म्हणतात ते, आणि त्याच्यापुढे एक अपुरं सातवं. त्यापलीकडे कोरडं तळं आणि बौद्ध स्तूपाचे विटांचे अवशेष. इकडे जवळजवळ कुणी येत नाही. वाट झाडोऱ्यातून जाते, पावसाळ्यानंतर ती बुजलेली असते, म्हणून गावातलं कुणी बरोबर असल्याशिवाय जाऊ नये. जायचं ठरवलं तर तोफांची टेकडी सोडावी, एका दिवसात दोन्ही होत नाही. झाल्यासारखं वाटतं, पण शेवटी धावत बोट गाठावी लागते.

अष्टमीच्या सुमारास आला असाल तर पाऊण-एकला ओहोटी असते. जेटीजवळच्या तिवरांशी अर्धा तास गप्प बसावं. पहिली पाच मिनिटं चिखल निर्जीव दिसतो. आपली सावली हलायची थांबली की त्यात भोकं दिसू लागतात, भोकांतून खेकडे बाहेर येतात. मग निवट्या. बोटाएवढा मासा, डोक्यावर फुगीर डोळे, आणि पुढच्या परांवर कोपर टेकल्यासारखा जोर देत तो चिखलावरून चालतो. पाण्याबाहेर. दुसरा जवळ आला की पाठीवरचा पर छत्रीसारखा उघडतो आणि उडी मारून दाखवतो. मध्येच एका कुशीवर लोळतो, कारण त्याची कातडी ओली राहायला हवी, श्वास तो कातडीतूनही घेतो. तिवरांची मुळंही तेच करतात. चिखलात हवा नाही म्हणून ती पेन्सिलीसारखी वर येतात आणि ओहोटीच्या वेळात हवा घेतात. त्यांच्यावर पाय पडला की ती मोडतात, म्हणून चिखलात उतरायचंच नाही. तसाही तो गाळ गुडघ्यापर्यंत ओढतो आणि त्यात कालवांचे धारदार शिंपले असतात, पाय फाटतो. बगळे, खंड्या, तुतवार जेटीवरूनच चांगले दिसतात.

साडेतीन, पुन्हा वर

लेण्याचं सकाळचं तिकीट जपून ठेवलेलं असेल तर लेण्याच्या दारावर विनंती करून बघावी, मात्र पुन्हा प्रवेश हा हक्क नव्हे. पहिल्यांदा बाहेर पडतानाच पहारेकऱ्याला विचारून ठेवलं तर बरं. नाही म्हणाले तर दुसरं तिकीट काढावं. चाळीस रुपयांत कल्याणसुंदर स्वस्तच आहे.

दुपारी पश्चिमेच्या चौकातून उजेड आत येतो आणि लग्नाचा हा पट उजळतो. पार्वती शिवाच्या उजव्या बाजूला उभी आहे. लग्न लागल्यावर ती वामांगी होईल, डावीकडे जाईल, अजून व्हायचं आहे. मान किंचित खाली. तिचे वडील तिला मागून हळूच पुढे करतायत. ब्रह्मदेव भटजी होऊन बसलेत, चंद्र हातात कुंभ घेऊन आलाय. ज्याने एक तरी मराठी लग्न मंडपात बसून पाहिलं आहे त्याला इथे कुणी काही समजावून सांगावं लागत नाही. समोरच अंधकासुराचा वध करणारा शिव आहे, दात विचकलेला, डोळे बाहेर आलेले. एकाकडून दुसऱ्याकडे मान वळवली की तोच देव. हे दोन पट असे समोरासमोर ठेवणाऱ्याला काय दाखवायचं होतं, ते या उजेडात उभं राहिल्यावर कळतं.

साडेचारला उतरायला लागावं. शेवटची बोट साडेपाचच्या आसपास असते, पण शेवटच्या बोटीवर अवलंबून राहू नये. उरलेले सगळे तिच्यावर येतात, रांग जेटीभर लागते, आणि पर्यटकांना रात्री बेटावर राहायची परवानगी नाही. पाचची बोट धरावी. दुपारनंतर वायव्येचा वारा सुटलेला असतो, आणि बोट पश्चिमेला चालल्यामुळे पाणी उजव्या बाजूने उडतं. कॅमेरा असेल तर डावीकडे, मागच्या निम्म्यात बसावं. सूर्य समोर असतो, टोपी आता कामाला येते. आणि कचरा परत आणावा. बेटावरचा कचराही शेवटी कुणालातरी बोटीतच भरावा लागतो.

दुसरा दिवस, अर्धा

पोर्तुगीजांनी या बेटाला एलिफंटा नाव दिलं ते बंदराजवळच्या दगडी हत्तीवरून. तो हत्ती बेटावर शोधू नये. १८६४ मध्ये इंग्रजांनी तो उचलून विलायतेला न्यायचा प्रयत्न केला, तेव्हा तो फुटला. तुकडे मुंबईत आणले गेले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडून उभे केले. तो आज भायखळ्याच्या राणीच्या बागेत, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या शेजारी आहे. भायखळा स्थानकावरून पायी दहा मिनिटं. बाग आणि संग्रहालय दोन्ही बुधवारी बंद असतात, म्हणून बेटाला मंगळवारी गेलात तर हत्ती गुरुवारी बघावा.

जवळ गेल्यावर अंगावर सांधे दिसतात, एका तुकड्याचा रंग दुसऱ्याशी जुळत नाही. पायाशी घारापुरीचा कातळ आहे तसाच काळा, बारीक छिद्रांचा दगड. आदल्या दिवशी लेण्यातल्या खांबाला पाठ टेकून बसला असाल तर तो लगेच ओळखू येतो.